शेवट ठाऊक असलेली गोष्ट



गोष्टीचा शेवट कुणी आधीच सांगून टाकला, की आपण त्याच्यावर रागावतो. "सांगून टाकलंस ना! आता त्यात काय राहिलं?" असे म्हणतो. पण हेच आपण रात्री कीर्तनाला जाऊन बसतो. बुवांनी द्रौपदीवस्त्रहरणाचे आख्यान लावलेले असते. द्रौपदीच्या हाकेसरशी श्रीकृष्ण धावून येणार, हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीसुद्धा बुवा त्या हाकेपाशी आले, की मांडव चिडीचूप होतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्या पदराने डोळे टिपू लागतात. तिथे उठून कुणी म्हणत नाही, की "बुवा, हे आम्हांला माहीत आहे, दुसरे काही सांगा."

मग ह्या दोहोंत खरे कोणते? शेवट कळला की गोष्ट संपते, की शेवट कळल्यावर ती नव्याने सुरू होते?

माझे म्हणणे असे आहे, की चांगल्या बांधणीच्या गोष्टीला दोन कामे असतात. पहिले काम म्हणजे पुढे काय होणार ह्याची उत्कंठा लावणे. ते शेवटाबरोबर संपते. दुसरे काम म्हणजे जे घडले ते आधीपासून कसे घडत आले होते, हे दाखवणे. ते शेवट कळल्याशिवाय सुरूच होऊ शकत नाही. हे तपासून पाहण्यासाठी कीर्तनातले आख्यान मी मुद्दाम घेत नाही. तिथे भक्तीचा ओलावा असतो, लहानपणापासूनची सवय असते. त्यामुळे गोष्टीच्या बांधणीचा गुण किती आणि आपल्या श्रद्धेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून आज एक परक्या मुलखातली गोष्ट घेऊ. ती टेलिव्हिजनसाठी केलेली आहे, लांबीने जेमतेम पंचवीस मिनिटांची आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसणार. तिचा शेवट मी आरंभीच सांगून टाकणार आहे. रागावू नका, ती पुन्हा पाहिली असता काय दिसते, हेच तर आपल्याला पाहावयाचे आहे.

अमेरिकेत सी. बी. एस. ह्या वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५९ रोजी 'द ट्वायलाइट झोन' नावाची एक मालिका सुरू झाली. ट्वायलाइट म्हणजे संधिप्रकाश. दिवस मावळला आहे, रात्र अजून पडलेली नाही, आणि वाटेवरची दोरी सापासारखी दिसते आहे, अशी जी तिन्हीसांजेची वेळ, तिचा हा मुलूख. आपल्याकडे त्याआधी सतराच दिवस, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते. मुंबईला केंद्र व्हावयास मात्र २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. म्हणजे तिकडे ही मालिका घरोघर पाहिली जात होती, तेव्हा महाराष्ट्राच्या खेड्यांत पेटी असलीच तर ती नुसती बोलणारी पेटी होती.

मालिका १९६४ पर्यंत चालली. एकंदर १५६ भाग झाले. प्रत्येक भागात नवी गोष्ट, नवी माणसे. कुठे भूत, कुठे परग्रहावरचा प्रवासी, कुठे काळाचे उलटे फिरलेले चाक. ह्या सगळ्या गोष्टींना बांधून ठेवणारा धागा एकच, तो म्हणजे रॉड सर्लिंग. मालिका त्यांनी निर्माण केली आणि १५६ पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. शिवाय प्रत्येक भागाच्या आरंभी आणि अखेरीस निवेदन करणारा आवाजही त्यांचाच. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सर्लिंग हे ह्या मालिकेचे सूत्रधार.

सूत्रधार कोण, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. संस्कृत नाटकांत तो आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'संगीत शाकुंतला'तही तो नटीबरोबर रंगमंचावर येतो, नाटकाची सूचना देतो आणि निघून जातो. तो उंबरठ्यावरचा माणूस आहे. एक पाय नाटकात, एक पाय आपल्यात. त्याच्या बोलण्यावर आपण शंका घेत नाही. नाटकातली पात्रे खोटे बोलतील, सूत्रधार बोलणार नाही, असा आपला आणि त्याचा न लिहिलेला करार असतो. हा करार ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मालिकेच्या पहिल्या वर्षातला छत्तिसावा आणि शेवटचा भाग १ जुलै १९६० रोजी दाखवला गेला. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. भागाचे नाव 'अ वर्ल्ड ऑफ हिज ओन', म्हणजे 'त्याचे स्वतःचे जग'. लिहिणारे रिचर्ड मॅथेसन. 'आय ॲम लेजंड' ह्या १९५४ सालच्या कादंबरीमुळे त्यांचे नाव झालेले होते. दिग्दर्शक राल्फ नेल्सन. आता गोष्ट ऐका.

ग्रेगरी वेस्ट हा नामवंत नाटककार. तो आपल्या लेखनाच्या खोलीत बसला आहे. मेरी नावाची एक मायाळू, साधी बाई त्याला पेय आणून देते. दोघे सुखात आहेत. इतक्यात ग्रेगरीची बायको व्हिक्टोरिया बाहेरून येते आणि खिडकीतून हे दृश्य पाहते. ती तडक आत शिरते. पाहते तो खोलीत नवऱ्याखेरीज कुणी नाही! ती शोधाशोध करते. चोरदरवाजा सापडत नाही. नवऱ्याला धारेवर धरते.

तेव्हा ग्रेगरी सांगतो ते असे. त्याच्या मेजावर बोललेला मजकूर टिपून ठेवणारे एक यंत्र आहे. त्यात टेप असते. नाटकातल्या एखाद्या पात्राचे वर्णन तो त्या यंत्रात बोलला, की ते पात्र जिवंत होऊन दारातून आत येते. त्याला नाहीसे करावयाचे झाले, तर टेपचा तेवढाच तुकडा कात्रीने कापावयाचा आणि भिंतीतल्या शेकोटीत टाकावयाचा. टेप जळाली की माणूस नाही. मेरी अशीच आली आणि अशीच गेली.

व्हिक्टोरियाला अर्थातच वाटते, की ह्याचे डोके फिरले. तो मेरीला पुन्हा बोलावून दाखवतो. व्हिक्टोरिया घाबरून पळू लागते, तर हा यंत्रात हत्तीचे वर्णन करतो, आणि बाहेरच्या वाटेत खरोखरीचा हत्ती उभा! वाट बंद. तरी ती ऐकत नाही. तुला वेड्यांच्या इस्पितळात पाठवते, असे म्हणते. शेवटी ग्रेगरी भिंतीतली तिजोरी उघडतो आणि एक पाकीट काढतो. पाकिटात टेपचा तुकडा आहे. तो सांगतो, की हा तुकडा म्हणजे तू. तुलाही मीच ह्या यंत्रात बोलून घडवले आहे. व्हिक्टोरिया ते पाकीट हिसकावून घेते आणि हा काय वेडेपणा, म्हणून आपल्याच हाताने शेकोटीत टाकते. क्षणभराने तिला घेरी येते. नवरा खरे बोलत होता हे तिला कळते, पण तोवर उशीर झालेला असतो. ती दिसेनाशी होते.

ग्रेगरी धावत यंत्रापाशी जातो. तिचे वर्णन पुन्हा सुरू करतो. मध्येच थांबतो, विचार करतो. आणि मग वर्णन करतो ते मेरीचे, आपली बायको म्हणून.

इथे गोष्ट संपली असे वाटते. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सर्लिंग निवेदन करू लागतात. पण ह्या खेपेस नुसता आवाज येत नाही. ते स्वतः त्या खोलीत उभे दिसतात. पहिल्या वर्षात पुढच्या आठवड्याच्या भागाची जाहिरात करावयास ते पडद्यावर येत असत. गोष्टीच्या आत पाऊल टाकण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. ते प्रेक्षकांना सांगू लागतात, की ही निव्वळ कल्पित कथा होती, खऱ्या आयुष्यात असले अचाट प्रकार होत नसतात. ग्रेगरी त्यांना मध्येच अडवतो. असे बोलू नये, म्हणतो. तिजोरीकडे जातो, दुसरे पाकीट काढतो. त्यावर नाव आहे, रॉड सर्लिंग! पाकीट शेकोटीत पडते. सर्लिंग 'चालायचेच' अशा अर्थाचे काहीतरी म्हणतात आणि अदृश्य होतात.

प्रथम पाहणारा इथे खो खो हसतो. हसावे अशीच ती गोष्ट आहे. सूत्रधारालाच पात्राने गिळून टाकले! गोष्टीने स्वतःकडेच बोट दाखवले. हा गमतीचा धक्का एकदाच बसतो. दुसऱ्या खेपेस बसत नाही. मग दुसऱ्यांदा पाहावयाचे ते कशासाठी?

दुसऱ्यांदा पाहताना मनाशी तीन प्रश्न धरावेत, असे मला वाटते.

पहिला प्रश्न असा, की गोष्टीत कोणत्या क्षणी कुणाला काय ठाऊक आहे? पहिल्या खेपेस आपण व्हिक्टोरियाच्या जागी असतो. ती खिडकीतून जे पाहते तेच आपण पाहतो. ती चोरदरवाजा शोधते तेव्हा आपणही मनात तोच शोधत असतो. दुसऱ्या खेपेस आपली जागा बदलते. तिजोरीत काय आहे हे ग्रेगरीला ठाऊक आहे आणि आता आपल्यालाही. ठाऊक नाही ते फक्त व्हिक्टोरियाला. ती तावातावाने बोलते, निघून जाईन म्हणते, नवऱ्याला वेडा ठरवते, आणि तिचे सारे अस्तित्व त्याच खोलीच्या भिंतीत एका पाकिटात बंद आहे! तिचे वाक्य एकही बदललेले नाही. पण आता प्रत्येक वाक्य ऐकताना पोटात कालवते.

ग्रेगरीचेही तसेच. पहिल्यांदा तो बायकोपुढे दबलेला, शांतपणे ऐकून घेणारा गरीब बिचारा वाटतो. दुसऱ्यांदा कळते, की हे भांडण कोणत्याही क्षणी संपवण्याची किल्ली त्याच्यापाशी होती. मग त्याचा तो शांतपणा कसला होता? दयेचा, की ज्याचे पारडे कायमचे जड आहे अशा माणसाच्या निर्धास्तपणाचा? नाटक ह्याचे उत्तर देत नाही. पण हा प्रश्न शेवट माहीत नसणाऱ्याला पडतच नाही.

दुसरा प्रश्न असा, की कोणत्या शब्दाचा आणि कोणत्या वस्तूचा अर्थ बदलला? आरंभीचे निवेदन पुन्हा ऐका. सर्लिंग एकेकाची ओळख करून देतात. हे ग्रेगरी वेस्ट ह्यांचे घर. ही त्यांची कामाची खोली. हे स्वतः वेस्ट: लाजाळू, अबोल आणि सध्या फार सुखी. ही मेरी. आणि शेवटी बायकोची ओळख करून देताना ते इंग्रजीत असा शब्द वापरतात, जो स्वयंपाकाच्या जिन्नसांसाठी वापरतात. भाजीत शेवटी मीठ घालावे, तसा हा शेवटचा जिन्नस, मिसेस वेस्ट. प्रथम ऐकताना ती बोलण्याची एक लकब वाटते. दुसऱ्यांदा ऐकताना आपण चपापतो. बाई ही खरोखरच जिन्नस होती! कुणीतरी मापून, निवडून, मिसळून केलेली. सूत्रधाराने पहिल्याच मिनिटाला सगळे सांगून टाकले होते आणि आपण ते ऐकून सोडून दिले.

तीच गोष्ट शेकोटीची. थंड देशातल्या घरात भिंतीत शेकोटी असणारच, म्हणून आपली नजर तिच्यावरून घसरते. दुसऱ्यांदा पाहताना आपले लक्ष सारखे त्या विस्तवाकडे जाते. चुलीजवळ लहान मूल रांगत असले, की आईचे जसे जाते, तसे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. मी कुणाच्या बाजूने होतो, आणि आता कुणाच्या बाजूने आहे? पहिल्यांदा बहुतेक प्रेक्षक ग्रेगरीच्या बाजूने असतात. बायको करडी, संशयी, मेरी प्रेमळ. शेवटी मेरी मिळाली, बरे झाले, असे वाटते. दुसऱ्यांदा मात्र व्हिक्टोरियाचा विचार करावा लागतो. तिने काय केले होते? डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हटले. पुरावा मागितला. कुणीही शहाणी बाई हेच करील. मेरी ही टेपमधून येते, हे तिने डोळ्यांनी पाहिले, हत्तीही पाहिला, पण आपणही तशाच आहोत, हे काही तिच्या मनाला शिवू शकले नाही. ह्यात हसण्यासारखे काय आहे? दुसरा कुणीतरी घडवलेला आहे, त्याचे विचार उसने आहेत, हे आपण सगळे चटकन मान्य करतो. आपलेही तसे असेल, हे मान्य करणारा माणूस विरळा. व्हिक्टोरियाने पाकीट विस्तवात टाकले ते ह्या तुमच्याआमच्या स्वभावाने.

आणि ग्रेगरी? तो तिचे वर्णन पुन्हा करू लागला होता. वाचवणे त्याच्या हातात होते. तो थांबला. पहिल्या खेपेस ते थांबणे मिश्किल वाटते. दुसऱ्या खेपेस ते जड वाटते. बायको नावडती झाली म्हणून तिला खोडून टाकून दुसरी लिहिली, ह्याचा अर्थ काय, हा प्रश्न खेळकर संगीत आणि हास्य ह्यांच्या खालून वर येतो. अखेरच्या निवेदनात सूत्रधार ग्रेगरीचे वर्णन पुन्हा जवळजवळ त्याच विशेषणांनी करतो. लाजाळू, अबोल, फार सुखी. आरंभी ही विशेषणे ओळख करून देत होती. आता तीच ऐकताना वाटते, की एवढे सगळे करूनही हा माणूस लाजाळूच? विशेषणे तीच आहेत. मधल्या पंचवीस मिनिटांनी त्यांचे वजन बदलले आहे.

आता तुम्ही म्हणाल, की एका विनोदी भागावर मास्तरांनी फारच ओझे लादले. शंका रास्त आहे. मॅथेसन ह्यांना हसवावयाचे होते आणि त्यांनी हसवले आहे. पण ओझे मी बाहेरून आणून ठेवलेले नाही. ते बांधणीतच आहे. पाहा ना, ह्या गोष्टीत आपल्या अविश्वासापायी जळून जाणारे दोघे आहेत. एक व्हिक्टोरिया, दुसरे सर्लिंग. तिजोरी तीच, तसेच पाकीट, विस्तव तोच. दोघांचा अपराधही एकच. ती म्हणाली हा वेडेपणा, ते म्हणाले हे अचाट. फरक इतकाच, की तिचा तुकडा तिने स्वतः जाळला आणि ह्यांचा दुसऱ्याने. शेवटची गंमत ही आधीच्या दुःखाची हुबेहूब जोडी आहे. गंमत आधी अंगावर आल्यामुळे जोडी प्रथम दिसत नाही. दुसऱ्यांदा दिसते.

इथे आपला सूत्रधाराशी झालेला करार आठवा. पात्रे बनावट, सूत्रधार खरा, असे आपण धरून चाललो होतो. त्या तिजोरीतले दुसरे पाकीट हा करार मोडते. गोष्ट सांगणाराही कुणीतरी सांगितलेला आहे! सर्लिंग ह्यांनी मालिका काढली, तिच्यासाठी मॅथेसन ह्यांनी ग्रेगरीला लिहिले, आणि ग्रेगरी म्हणतो की सर्लिंगला मी केले. हॉलंडचे चित्रकार एशर ह्यांचे १९४८ सालचे एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात एक हात दुसऱ्या हाताचे चित्र काढतो आहे, आणि तो दुसरा हात पहिल्याचे. पहिला कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही. तसे हे वर्तुळ आहे.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सर्लिंग ह्यांचा देह नाहीसा झाल्यावरही अखेरचे निवेदन होतेच. त्यांच्याच आवाजात. माणूस जळाला, आवाज राहिला. रेडिओ ऐकणाऱ्यांनी ह्यावर थोडे थांबावे. बोलणाऱ्याचा देह आपण कधी पाहिलेला नसतो. त्याचा आवाजच आपल्याला पुरतो, आणि देह नसल्यामुळेच की काय, तो आवाज कुठल्याही गोष्टीच्या बाहेरचा, उंचावरचा, निःपक्षपाती वाटतो. पण तो आवाज कुणीतरी लिहून दिलेला असतो. त्यातले काही कापलेले असते, काही जोडलेले असते. टेपच्या जमान्यात तर नभोवाणी केंद्रावर हे काम खरोखरच पात्याने टेप कापून आणि चिकटपट्टीने जोडून होत असे. ग्रेगरीची कात्री ही काही जादूची वस्तू नव्हती.

कात्री काय करते, हे सर्लिंग ह्यांना अनुभवाने ठाऊक होते. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि खटल्यात आरोपी निर्दोष सुटले. त्यावरून सुचलेले एक नाटक सर्लिंग ह्यांनी टेलिव्हिजनसाठी लिहिले. कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्यांच्या आणि वाहिनीच्या दडपणाखाली त्याची काटछाट होत गेली. १९५६ साली ते दाखवले गेले, तेव्हा त्यात ना दक्षिणेकडचे गाव उरले होते, ना कृष्णवर्णीय मुलगा. सरळ बोललेले कापले जाते हे पाहूनच ते पुढे अद्भुताकडे वळले. परग्रहावरच्या माणसाच्या तोंडी घातलेले वाक्य कापावे असे कुणाला सुचत नाही. ज्याचे शब्द असे कापले गेले, त्यानेच चार वर्षांनी आपल्या मालिकेत स्वतःच्या नावाचा टेपचा तुकडा हसतमुखाने जळू दिला. हे ठाऊक झाले, की शेवटच्या त्या हसऱ्या 'चालायचेच'मध्ये आणखी काही ऐकू येते.

दुसऱ्या वाचनाचा हा आणखी एक लाभ. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मध्ये आपण काहीतरी शिकलेलो असतो. गोष्ट तीच राहते, पाहणारा बदलतो.

शेवट कळल्याने आनंद कमी होतो की नाही, ह्याची शास्त्रीय परीक्षाही झालेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बारा लघुकथा घेतल्या. काही वाचकांना कथेचा शेवट आधी सांगितला, काहींना सांगितला नाही. शेवट आधी कळलेल्यांना कथा एकंदरीत थोड्या अधिक आवडल्या. पुढे दुसऱ्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत उलट निष्कर्षही आले. ह्यातून सरसकट नियम काढू नये. मला वाटते, प्रश्न गोष्टीचा आहे. जिच्यात शेवटच्या धक्क्याखेरीज काहीच साठवलेले नाही, ती गोष्ट शेवट कळल्यावर मरते, आणि तिने मरावेच. ऊस चरकातून एकदा काढला की चिपाड उरते. विहिरीचे तसे नाही. तिला झरे असले, की उपसल्यावर पाणी पुन्हा भरते. दुसऱ्यांदा पाहणे म्हणजे झरे आहेत की नाहीत हे पाहणे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना ह्यात एक कामाची गोष्ट सापडेल. वर्गात धडा वाचून झाला, की आपण विचारतो, "काय झाले? मग काय झाले?" मुले सांगतात. उत्तर बरोबर आले, की धडा संपला. आणि मग परीक्षेच्या आधी तोच धडा पुन्हा काढला, की वर्ग जांभया देऊ लागतो. मुलांचा दोष नाही. दुसऱ्या वाचनाला आपण नवे कामच दिलेले नसते. एकदा असे करून पाहा. धड्यातल्या गोष्टीचा शेवट फळ्यावर लिहून ठेवा. मग म्हणा, "हा शेवट. आता आपण पहिल्या ओळीपासून जाऊ. ह्याची पहिली चाहूल कुठे लागते, ते ज्याला सापडेल त्याने हात वर करावा." त्यानंतर विचारा, की कुठला शब्द आपण आधी साधा समजलो होतो. आणि शेवटी विचारा, की गोष्टीत कुणाला काय ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याचे त्याला काय भोगावे लागले. ह्या तिसऱ्या प्रश्नावर मुले भांडतील. भांडू द्या. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे त्यांना त्या भांडणात शिकता येते.

ह्याला टेलिव्हिजन लागत नाही, महाग पुस्तक लागत नाही. पाठ्यपुस्तकातली चार पानांची गोष्टही पुरते. घरी आजीने सांगितलेली कहाणीही चालते.

आणि मोठ्यांनीही हे करावे. आज फोनच्या पडद्यावर, रेडिओवर, सभेत आपल्याला रोज कुणी ना कुणी काहीतरी सांगत असते. कुणाला नायक ठरवून सांगते, कुणाला खलनायक. पहिल्या खेपेस आपण ऐकत जातो आणि सांगणाऱ्याच्या बाजूने होतो. ते स्वाभाविक आहे. पण शेवट कळल्यावर एकदा मागे वळून पुन्हा ऐकावे. ह्या माणसाची ओळख करून देताना कोणते विशेषण लावले होते? कोण एकटाच बोलत होता, आणि कुणाला बोलूच दिले नाही? कोणता तुकडा कापला गेला असेल? हे प्रश्न विचारण्यासाठी कुणाचा द्वेष करावा लागत नाही की कुणाला खोटे म्हणावे लागत नाही. तीच गोष्ट थोड्या सवडीने पुन्हा ऐकावी लागते, इतकेच.

तेव्हा तुम्हांला कधी ही 'त्याच्या स्वतःच्या जगा'ची गोष्ट पाहावयास मिळाली, तर जरूर पाहा. शेवट मी सांगितलेलाच आहे, त्यामुळे तुमची पहिलीच खेप दुसऱ्या खेपेसारखी होईल. सर्लिंग हसत हसत नाहीसे होतील तेव्हा तुम्हीही हसा. पण त्याआधी व्हिक्टोरिया पाकीट हातात घेऊन शेकोटीकडे वळेल, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घ्या. पुढे काय होणार हे तिला ठाऊक नाही, आणि तुम्हांला आहे.